चिमूटभर मीठ, मूठभर गूळ



आज एका औषधाचा इतिहास सांगणार आहे. हे औषध आपल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात आहे. पाणी, मीठ, आणि साखर किंवा गूळ. आशाताई त्याचंच पाकीट देतात. कुणी त्याला ओआरएस म्हणतं, कुणी जलसंजीवनी.

गटाच्या बैठकीत मी एक प्रश्न नेहमी विचारते. लेकराला हगवण लागली की मीठ-साखरेचं पाणी द्यायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. मग त्यात साखर कशाला घालायची? दहातल्या नऊ जणी सांगतात, चवीला. नुसतं खारट पाणी पोर पिणार नाही, म्हणून. हे उत्तर चुकीचं आहे. साखरेचं काम चवीपेक्षा फार मोठं आहे. ते काम काय, हे कळायला जगाला सव्वाशे वर्षं लागली, आणि तोवर किती घरं बसली याची गणती नाही. साखर आणि मीठ मोजूनच का घ्यायचं, हेही त्यातूनच कळतं. म्हणून ही गोष्ट सुरुवातीपासून ऐकू या.

पटकीचे दिवस

आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी पटकी हा शब्द असायचा. पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत जायचा. गावोगावी मरीआईची ठाणी आहेत, ती याच भीतीतून उभी राहिली. मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे रोगही शिवेपलीकडे जाईल, अशी समजूत होती. औषध नव्हतं, तेव्हा माणसं दुसरं काय करणार?

१८१७ साली बंगालमधून पटकीची मोठी साथ उठली आणि देशोदेशी पसरली. १८३१ साली ती इंग्लंडला पोचली. तिकडचे मोठे डॉक्टरही हतबल होते. ते रोग्याची शीर कापून रक्त काढायचे, जुलाबाचं औषध द्यायचे आणि पाणी तोडायचे. ज्याच्या अंगातलं पाणी संपलं आहे, त्यालाच पाणी नाही! आपल्याकडेही ‘हगवण लागली, पाणी देऊ नका’ असं म्हणणारी माणसं अजून भेटतात. ही समजूत अडाणीपणाची म्हणून हसू नका. त्या काळी शिकलेसवरलेले डॉक्टरही तेच करत होते.

तेव्हा विल्यम ओ’शॉनेसी नावाच्या बावीस वर्षांच्या तरुण डॉक्टरने पटकीच्या रोग्यांचं रक्त तपासलं. रक्त घट्ट झालेलं होतं. त्यातलं पाणी कमी झालं होतं आणि क्षारही. ‘जे गेलं आहे ते परत भरा,’ असा त्याचा साधा निष्कर्ष होता. हाच ओ’शॉनेसी पुढे भारतात आला आणि आपल्या देशातल्या पहिल्या तारायंत्राच्या लाइनी त्याने टाकल्या.

त्याचं म्हणणं वाचून १८३२ साली स्कॉटलंडमधल्या थॉमस लाटा या डॉक्टरने एका म्हातारीच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. ती मरणाच्या दारात होती. पाणी आत गेलं तशी तिच्या चेहऱ्यावर कळा आली, ती बोलू लागली. बरं वाटतंय म्हणून लाटा निघून गेला. इकडे जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा भरलं गेलं नाही, आणि काही तासांत ती गेली. एकदा भरून भागत नाही, जितकं जातं तितकं भरत राहावं लागतं, हा धडा त्यात होता. तो नीट कळायला पुढे खूप काळ गेला.

आज आपण ज्याला ‘सलाईन लावणं’ म्हणतो, त्याची ही सुरुवात. विसाव्या शतकात सलाईन सुधारलं आणि दवाखान्यात पोचलेली माणसं वाचू लागली. पण सलाईनला निर्जंतुक बाटल्या लागतात, सुया लागतात, शीर शोधणारा हात लागतो. साथ येते ती खेड्यात, पुरात, छावणीत. तिथे हे सगळं कुठून आणायचं?

तोंडाने पाजलेलं पाणी अंगी का लागेना?

मग तोंडानेच मीठ-पाणी पाजावं, असं अनेकांना सुचलं. पण नुसतं मीठ-पाणी पाजलं की ते खालून निघून जायचं. कधी जुलाब वाढायचेही. डॉक्टरांनी समजूत करून घेतली की पटकीत आतड्याचं आतलं अस्तर सोलून निघतं, त्यामुळे तोंडाने दिलेलं काही उपयोगाचं नाही.

१९५३ साली कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी तोंडाने देऊन बरं केलं. ग्लुकोज म्हणजे साखरेचाच एक साधा प्रकार. त्यांचा लेख इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय मासिकात छापूनही आला, पण कुणी फारशी दखल घेतली नाही. पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं, याचा हिशेब त्यात नव्हता. वहीत नोंद नसेल तर खरं कामही खरं ठरत नाही, हे बचत गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

१९५९ साली कोलकात्यातच शंभूनाथ डे यांनी दाखवून दिलं की पटकीचे जंतू एक विष सोडतात आणि त्या विषामुळे आतड्यात पाणी झरतं. त्याच सुमारास थायलंडमध्ये रुग्णांच्या आतड्याचे बारीक तुकडे तपासले गेले. अस्तर जागच्या जागी होतं, सोललेलं नव्हतं. म्हणजे भिंत शाबूत होती. मग पाणी आत का येत नव्हतं?

पेशीची भिंत आणि तिची दारं

उत्तर कळायला आतड्याची भिंत जवळून पाहू. ही भिंत पेशींची आहे. वीट-विटेने घर, तसं पेशी-पेशीने शरीर. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्याला पेशीपटल म्हणतात. तो मुख्यतः स्निग्ध पदार्थाचा असतो, तेला-तुपाच्या जातीचा. तेलात पाणी मिसळत नाही, हे आपण रोज फोडणी देताना बघतो. पाण्यात विरघळलेलं मीठ आणि साखर हा तेलकट पापुद्रा आपल्या आपण ओलांडू शकत नाहीत. त्यांच्यासाठी पापुद्र्यात ठिकठिकाणी दारं असतात. ही दारं प्रथिनांची बनलेली असतात आणि प्रत्येक दाराचा आपला नियम असतो. कुठे एकच पदार्थ जातो, कुठे दुसरा.

अमेरिकेतले रॉबर्ट क्रेन नावाचे शास्त्रज्ञ साखर आतड्यातून अंगात कशी जाते, याचा अभ्यास करत होते. पटकीशी त्यांचा संबंध नव्हता. १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग शहरातल्या एका परिषदेत त्यांनी सांगितलं, की साखरेचं दार साखर एकटी आली तर उघडत नाही. बरोबर मिठातलं सोडियम लागतं. दोघं एकत्र आले की दोघंही आत जातात. पुढे मोजमाप झालं तेव्हा कळलं, की ग्लुकोजच्या एका कणाबरोबर सोडियमचे दोन कण जातात. बँकेतल्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, तसंच हे.

या दाराला जोर कुठून मिळतो? पेशीच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे रक्ताच्या बाजूला, एक पंप असतो. तो पेशीतलं सोडियम सतत रक्ताकडे ढकलत राहतो. त्यामुळे पेशीत सोडियम नेहमी कमी असतं. उताराकडे जसं पाणी धावतं, तसं आतड्यातलं सोडियम पेशीत शिरायला बघतं, आणि शिरताना साखरेला बरोबर ओढून नेतं.

आणि पाणी? ते मागोमाग जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं. जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. मीठ आणि साखर आतड्यातून रक्ताकडे गेली, की पाणीही तिकडेच जातं.

आता पटकीचं विष काय करतं ते बघा. ते पेशीतले क्षार आतड्यात सोडायला लावतं, आणि क्षारांमागे पाणी झरतं. जोराची पटकी असेल तर तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. मीठ एकट्याने आत शिरण्याचा रस्ताही ते अडवतं, म्हणूनच नुसतं मीठ-पाणी वाया जायचं. पण साखर आणि मिठाचं जोडदार या विषाने बिघडत नाही. बाकी वाटा बंद झाल्या तरी ते उघडं असतं. अशा वेळी मिठाला आत नेते ती साखर, आणि पाण्याला आत नेतात ती दोघं. साखर घालायची ती यासाठी.

ढाक्यातला जमा-खर्च

शास्त्र कळलं म्हणजे औषध झालं, असं नसतं. मिश्रणाचं प्रमाण चुकलेल्या सुरुवातीच्या प्रयोगांत रुग्ण दगावलेही. ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, पटकीवर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती. तिथे डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश हे तिशीही न गाठलेले दोन डॉक्टर काम करत होते. स्थानिक डॉक्टरही त्यांच्याबरोबर होते. पटकीच्या रुग्णाला तिथे मधोमध भोक असलेल्या खाटेवर झोपवायचे आणि खाली बादली ठेवायचे. बादलीत किती पाणी आलं ते मोजायचं, आणि तेवढंच ग्लुकोज-मिठाचं पाणी रुग्णाला प्यायला द्यायचं. दिवस-रात्र चोख जमा-खर्च. १९६८ साली त्यांनी निष्कर्ष छापला, की असं केलं तर सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते. कोलकात्यातल्या संशोधकांनाही त्याच सुमारास तसाच अनुभव आला.

तरी डॉक्टरमंडळी कचरत होती. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठीक आहे, पण साध्या माणसांच्या हातात हे कसं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

बनगाव, १९७१

१९७१ साली बांगलादेशचं मुक्तियुद्ध पेटलं. सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. पावसाळा, चिखल, उघड्यावरच्या छावण्या. पश्चिम बंगालच्या सीमेवर बनगावला पटकी पसरली. कोलकात्याहून डॉ. दिलीप महालनबीस जूनमध्ये तिथे पोचले. दोन छोट्या इमारती, सोळा खाटा आणि साडेतीनशे रुग्ण. माणसं जमिनीवर पडलेली, खाली विष्ठा आणि वांती. सलाईन लावायला डॉक्टरांना त्यातच गुडघे टेकून बसावं लागायचं. सलाईनचा साठाही संपत आला होता.

डॉक्टर महालनबीस यांनी तोंडाने पाणी द्यायचं ठरवलं. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा. कोलकात्यात बसून पुड्या बांधल्या आणि बनगावला पाठवल्या. तिथे मोठ्या पिंपांत ते पाणी कालवायचं आणि तोटीखाली भांडं धरायचं. एका लिटरचा खर्च आला अकरा पैसे.

पाजायला नर्स कुठून आणणार? रुग्णाची आई, बहीण, बायको, शेजारी, जो कोणी जवळ होता, त्याच्या हातात पेला दिला. ज्यांच्यावर तज्ज्ञांचा विश्वास नव्हता, त्याच बाया-माणसांनी तीन हजारांवर रुग्णांना पाणी पाजलं. आधी तिथे शंभरातले तीस जण मरत होते. आता चारही मरत नव्हते. आकडा ३.६ टक्क्यांवर आला.

आपण रेडिओवाल्या आहोत, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. हे पाणी कसं करायचं याची माहिती सीमेवर पत्रकांतून वाटली गेली, आणि बांगलादेशी मुक्तिसैनिकांच्या बाजूने चालणाऱ्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही सांगितली गेली. युद्ध चालू असताना आवाजावाटे औषध घरात पोचलं.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली आणि १९७८ साली जुलाबाच्या आजारांसाठी जगभर मोहीम सुरू केली. डॉक्टर महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

दारोदार गेलेल्या बाया

आता आपल्या सगळ्यांत जवळचा भाग. नव्या बांगलादेशात पाकिटं कमी होती आणि खेडी हजारो. फजले हसन आबेद यांच्या ब्रॅक या संस्थेने ठरवलं, की पाकिटाची वाट बघायची नाही. घरात असेल त्यातून आईनेच पाणी करायला शिकायचं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. ग्लुकोजच्या जागी गूळ चालतो, कारण आपलं आतडं गुळातली साखर फोडून तिचं ग्लुकोज करतं.

१९८० पासून दहा वर्षं खेड्यापाड्यांतल्या हजारो बाया हे शिकवत दारोदार फिरल्या. शेताच्या बांधावरून, होडीतून, लोकांची बोलणी ऐकत त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत पोचल्या. त्यांचा पगार ठरवायची पद्धत ऐका. किती घरं केली यावर पैसे मिळत नव्हते. महिनाभराने दुसरंच माणूस काही निवडक घरी जायचं, आईला काय आठवतं ते विचारायचं आणि तिच्याकडून पाणी करून घ्यायचं. आईला जितकं नीट येई, तितका शिकवणारीला मोबदला. ‘एवढ्या बैठका घेतल्या’ असं लिहून आपण अहवाल भरतो ना? हे त्याच्यापेक्षा कितीतरी अवघड माप होतं.

तरीही सुरुवातीला गाडी अडली. आयांना पाठ होतं, पण आजारपणात फार थोड्या जणी ते पाणी देत होत्या. कारणं शोधली तेव्हा तीन गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट शब्दाची. शिकवणाऱ्या ‘डायरिया’ म्हणायच्या. गावातल्या बाया मात्र जुलाबाला चार वेगवेगळ्या नावांनी ओळखायच्या, आणि डायरिया म्हणजे फक्त पटकीसारखा भयंकर आजार, असं त्यांना वाटायचं. लेकराच्या साध्या हगवणीला हे पाणी लागू आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसरी गोष्ट पुरुषांची. घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, मग ते आडवे यायचे. तिसरी गोष्ट शिकवणाऱ्यांचीच. त्यांच्यातल्या पुष्कळ जणींचा स्वतःचाच या पाण्यावर भरवसा नव्हता.

मग काम बदललं. गावाचे शब्द वापरले. बाजारात, शाळेत, मशिदीत पुरुषांच्या सभा घेतल्या. शिकवणाऱ्यांना दवाखान्यात नेऊन, मरणाला टेकलेला माणूस पाणी पिऊन उठून बसतो, हे डोळ्यांनी दाखवलं. केलेलं पाणी त्या आधी स्वतः सगळ्यांसमोर पिऊ लागल्या. आज बांगलादेशात जुलाब झाले की घरोघरी पहिला हात या पाण्याकडे जातो.

१९८० च्या सुमारास जगात दरवर्षी ४० लाखांहून जास्त लहान मुलं जुलाबाने जात होती. आज हा आकडा पाच लाखांच्या आत आहे. त्यात स्वच्छ पाणी, लसी, संडास या सगळ्यांचा वाटा आहे. पण मोठा वाटा या पाण्याचा आहे.

आपल्या घरात

तरीही पाच लाख हा आकडा लहान नाही. म्हणून या इतिहासातून आपण काय घ्यायचं ते सांगते.

प्रमाण पाळा. आता नियम कळला आहे, म्हणून कारणही लक्षात राहील. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच उरते आणि कैरीला मीठ लावल्यासारखं अंगातलं पाणी बाहेर ओढते. जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर तेही बाळाला घातक. पाकीट असेल तर अख्खं पाकीट, आणि पाकिटावर लिहिलं आहे तेवढंच पाणी. एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवू नका. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साखरेचे सहा छोटे सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा छोटा सपाट चमचा. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या आणि नवं करा. दुकानात मिळणारी गोड, रंगीत, फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नाही. त्यात साखर फार असते आणि मीठ पुरेसं नसतं.

जितकं गेलं तितकं भरा. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, घोट घोट किंवा चमच्याने. वांती झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. अंगावरचं दूध तोडू नका, जेवण तोडू नका. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा.

डोळे खोल गेले, पोर सुस्त पडलं, पाणी पिईना, लघवी होईना, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तरी पटकन सपाट होईना, शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर ही लक्षणं दिसायची वाटही बघू नका. अशा वेळी सलाईन लागतं आणि ते लावलंच पाहिजे. वाटेतही पिता येत असेल तर पाणी पाजत राहा. पण पोर शुद्धीवर आहे, पाणी पितं आहे, तरी ‘सलाईन लावा, नाहीतर बरं वाटणार नाही’ असा हट्ट धरू नका. सलाईनची बाटली जे शिरेतून देते, तेच हे पाणी आतड्याच्या दारातून देतं.

आणि शेवटचं. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरी पाणी करून आणा. चव घ्या, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मग आपल्या सासूबाईंना, जाऊबाईंना आणि घरातल्या पुरुषांनाही करून दाखवा. साथीच्या दिवसांत तुम्ही शेतावर असाल, तेव्हा पोराजवळ जो कोणी असेल, त्याला हे आलं पाहिजे.

नमस्कार.